महालिंगप्पांची पेनल्टी

महालिंगप्पांच्या कापड दुकानात पाय ठेवला की गिऱ्हाइकाला बसायला जागा मिळायच्या आधी एक प्रश्न मिळायचा.

"चेंडू हाताला लागला, का हात चेंडूला लागला?"

धाराशिवच्या लोकांना सवय होती. ते चपला काढता काढताच "चेंडूच हाताला लागला, अप्पा" म्हणून मोकळे व्हायचे. मग त्यांना लोडाला टेकून बसायला मिळायचं, पाणी मिळायचं आणि नवे गठ्ठे फोडून दाखवले जायचे. फसायचा तो परगावचा माणूस. एकदा ईट गावचा एक शेतकरी पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आला. बायको, व्याही, विहीण, असं सगळं लटांबर बरोबर. अप्पांनी प्रश्न टाकला. तो बिचारा गोंधळला.

"कुणाचा हात म्हणायचा?"

"मारुतीचा."

शेतकऱ्यानं पेठेच्या टोकाला असलेल्या देवळाच्या दिशेनं हात जोडले. "देवाचा हात लागला म्हंजी चांगलंच झालं की वो."

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. मग लुगड्यांचं एक गाठोडं उचललं, विहिणीच्या भावाला उभं केलं, त्याचा हात कोपरात वाकवून अंगाला चिकटवला आणि ते गाठोडं फेकून त्याच्या कोपरावर मारलं. "आता सांगा. ह्यानं हात हलवला का?" सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. व्याही तेवढा निःपक्षपाती माणूस निघाला. तो म्हणाला, "हात जरासा फुडं आला व्हता बरं का." त्या दिवशी त्या व्याह्याला अप्पांनी दुकानातली सगळ्यांत विटकी धोतरं दाखवली. चांगली मागितली तर म्हणाले, "संपली."

महालिंगप्पा मूळचे मुरुमचे. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल आणि हातात कापड मोजायचा लोखंडी गज. घरात कानडी, दुकानात मराठी आणि कचेरीत उर्दू, अशा तीन भाषा ते तीन अंगरख्यांसारख्या वापरायचे. राग मात्र तिन्ही भाषांतून प्रवास करायचा. मराठीत सुरू व्हायचा, उर्दूत कायद्यावर यायचा आणि कानडीत पोचला की समोरच्याच्या खापरपणजापर्यंत जायचा. "कण्ण इल्लेन निनगा?" म्हणजे तुला डोळे नाहीत का, हे वाक्य कानावर आलं की ओळखावं, अप्पा शेवटच्या मुक्कामाला पोचले.

मी कळंबचा. निजामाच्या अमदानीत सरकारी शाळेत मराठी शिकवायला माझी नेमणूक झाली. हुकुमात 'उस्मानाबाद' लिहिलं होतं. गावात उतरल्यावर कळलं की लोक धाराशिवच म्हणतात. अप्पांच्या दुकानावरची माडी मी भाड्यानं घेतली. अप्पांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि त्यांची बायको गंगाक्का. गंगाक्का कमी बोलायच्या. अप्पा दोघांचं मिळून बोलायचे.

अप्पांनी आयुष्यात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. त्यांना फुटबॉलचा नाद लागला तो कापडातून. गावातल्या पोरांनी टीम काढली आणि सदऱ्यांसाठी कापड मागायला आली. अप्पांच्या दुकानात गादीपाटाचं एक ठाण कितीतरी दिवस पडून होतं. पांढऱ्यावर निळे पट्टे, गाद्यांच्या खोळी शिवायचं जाड कापड. अप्पा म्हणाले, "ह्येचंच शिवा. लई टिकतंय." पोरांनी शिवलं. पहिल्या मॅचला आमची टीम मैदानात उतरली तेव्हा समोरच्या गावचे लोक ओरडले, "गाद्या आल्या, गाद्या आल्या!"

आपलं कापड पळताना कसं दिसतं, ते बघायला म्हणून अप्पा त्या दिवशी मैदानावर गेले होते. खेळ काय चाललाय, याचा त्यांना पत्ता नव्हता. तेवढ्यात समोरच्या एका गड्यानं आमच्या पोराचा सदरा मागून धरून ओढला. सदरा फाटला नाही, पण पोरगं मात्र आडवं झालं. रेफरीचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं शिट्टी मारली नाही.

"कापड धरलं!" अप्पा ओरडले. "माझं कापड धरलं! दिसंना का?"

त्या दिवसापासून रेफरी चुकतो ही गोष्ट अप्पांना कळली आणि त्यांच्या जिवाला चैन पडेनासं झालं.

रेफरी म्हणजे आमच्याच शाळेचे ड्रिल मास्तर, कासीम उस्ताद. उंच, सडपातळ, खाकी चड्डीला अशी इस्त्री की घडीवर बोट कापावं. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादेला. जिल्ह्यात कुठंही मॅच असो, शिट्टी उस्तादांची. ते शांत माणूस. लोक काय वाटेल ते ओरडोत, उस्ताद शिट्टी मारायचे, हात दाखवायचे आणि दुसरीकडं चालू लागायचे.

अप्पांचं आणि त्यांचं भांडण मैदानावर सुरू व्हायचं आणि दुकानात संपायचं. मॅच झाली की उस्ताद संध्याकाळी दुकानात यायचे, गादीवर सदऱ्याची बटणं मांडायचे आणि अप्पांना कायदे समजावून सांगायचे. ही बटणं तुमची, ही आमची, हा चेंडू. ऑफसाइड समजायला अप्पांना एक अख्खा उन्हाळा लागला. समजल्यावर त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, ऑफसाइड म्हंजी दुकानदाराच्या पाठीमागनं जाऊन मालाला हात लावायचा. चोरीच की!" मग गंगाक्का चहा आणायच्या. उस्तादांच्या चहात साखर जास्त. ते अक्कांनी कधी विचारलं नव्हतं आणि उस्तादांनी कधी सांगितलं नव्हतं.

असं सगळं बरं चाललं होतं आणि मध्ये ती पेनल्टी आली.

तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टरांच्या नावानं एक ढाल बक्षीस ठेवली होती. त्या ढालीची शेवटची मॅच. समोर लातूरकडच्या एका जिनिंगवाल्या शेठची टीम. शेठनं हैदराबाद, सोलापूरकडचे खेळाडू पगार देऊन ठेवले होते. त्यांना काम एकच, फुटबॉल. पायांत बूट, पोटात अंडी. आमची पोरं अनवाणी, त्यातली निम्मी सकाळी रानात औत धरून आलेली. तरीही मॅच संपत आली तोवर बरोबरी. सगळं गाव मैदानाच्या कडेला. अप्पा नेहमीसारखे आमच्या गोलच्या मागं, हातात गज.

आणि शेठच्या गड्यानं मारलेला चेंडू आमच्या मारुतीच्या हाताला लागला. मारुती म्हणजे तालमीतला गडी, मागची बाजू सांभाळायचा. लागला की त्यानं लावला, हे त्याला स्वतःलाही सांगता येईना. उस्तादांनी शिट्टी मारली आणि बोट पेनल्टीच्या जागेकडं केलं.

मग अप्पा गोलाच्या मागून धावत आले ते मराठी आणि उर्दू ओलांडून थेट कानडीतच.

"कण्ण इल्लेन निनगा?"

"मेरेकू दिखा सो मैं दिया," उस्ताद म्हणाले आणि चालू लागले.

अप्पांनी रुमाल काढून बाजूला ठेवला आणि पेनल्टीच्या जागेवर आडवे झाले. "मारा! माझ्या छातीवरनं मारा!" शेठचा खेळाडू चेंडू काखेत घेऊन उभा राहिला. त्याला पगारात हे कुणी सांगितलं नव्हतं. शामियान्यात बसलेल्या तालुकदारसाहेबांनी विचारलं, "ये कौन है?"

"हुजूर, कपडे का ब्योपारी."

"सो क्यों रहा है?"

शेवटी चार पोलिसांनी अप्पांना चारी बाजूंनी उचललं आणि गादी उचलून ठेवावी तसं मैदानाबाहेर नेऊन ठेवलं. पेनल्टी मारली गेली. गोल झाला. ढाल लातूरकडं गेली.

त्यानंतर अप्पांनी तालुकदार कचेरीत उर्दूतून अर्ज दिला. पेनल्टी रद्द करून मॅच त्या मिनिटापासून पुन्हा खेळवावी, अशी मागणी होती. कचेरीनं कळवलं की असं कलम नाही. अप्पांनी उलट अर्ज दिला की मग कलम करावं. श्रावणात घरी जंगम स्वामी जेवायला आले. पाय धुऊन, पूजा करून, ताट वाढून झाल्यावर अप्पांनी त्यांनाही प्रश्न विचारला. स्वामी म्हणाले, "शिवाची इच्छा, महालिंगप्पा."

"स्वामी, शिवानं न्हाय दिली. कासीमनं दिली."

गंगाक्का वाढता वाढता म्हणाल्या, "स्वामींना जेवू तरी द्या. का ह्येंच्यावरबी अर्ज करताव?"

अप्पांनी उस्तादांशी बोलणं टाकलं. त्यांना कापड विकणं टाकलं. बटणं डब्यात गेली. उस्ताद दुकानावरून निघाले की अप्पा आत बघून मोठ्यानं ओरडायचे, "अन्याव हाय!" उस्ताद पुढं बघत म्हणायचे, "पेनल्टी थी." एवढंच. उस्तादांच्या घरून शाळेला सरळ वाट होती, ती आमच्या पेठेतून येत नव्हती. तरी ते रोज वळसा घालून आमच्याच दुकानावरून यायचे. एकदा त्यांना ताप आला आणि ते आले नाहीत, तर अप्पांनी मला माडीवर हाक मारली. "मास्तर, आज त्यो अन्यायी गेला न्हाय?"

"ताप आलाय त्यांना."

"मग येऊ द्या." थोड्या वेळानं परत हाक. "लई आलाय का?"

संध्याकाळी गंगाक्कांनी माझ्या हातात काढ्याचं भांडं दिलं आणि म्हणाल्या, "कुणी दिलं म्हणून सांगू नका." मी सांगितलं नाही. उस्तादांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "अप्पा के घर का है. अद्रक जास्ती है."

अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत सगळ्या मुलखाचंच भांडण पेटलं होतं. आम्हाला रोज वेगळी बातमी यायची आणि प्रत्येक बातमी आदल्या दिवशीपेक्षा वाईट असायची. फुटबॉल बंद पडला. मैदानात गवत वाढलं. मग पोलीस ॲक्शन झाली, फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. लोकांनी गूळ वाटला. अप्पांनीही दुकानावर झेंडा लावला. त्यासाठी नवं कापड काढलं, गादीपाट नाही.

पण जुनं राज्य गेलं होतं आणि नव्याची घडी अजून बसली नव्हती. त्या मधल्या दिवसांत ज्याला त्याला आपलं जुनं वैर आठवलं. हातांत काठ्या घेतलेली माणसं गल्ल्यांतून फिरू लागली. कुणाचं घर फुटलं, कुणाची गंजी पेटली. शाळेला कुलूप होतं. एका सकाळी पेठेत कुजबूज झाली की चौकात जमाव गोळा झालाय आणि तो उस्तादांच्या गल्लीकडं निघालाय.

मी माडीवरून खाली आलो. अप्पा गादीवर बसले होते.

"उस्ताद हैदराबादेला गेले न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"नाही. घरातच आहेत. दार लावून."

अप्पा उठले. रुमाल नीट बांधला. गज उचलला. गंगाक्का आतल्या दारात उभ्या होत्या. अप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी नुसती मान हलवली. मी अप्पांच्या मागं निघालो.

जमाव उस्तादांच्या गल्लीच्या तोंडाशी आलाच होता. अप्पा त्याच्या मधून, गर्दीला कोपरानं बाजूला सारत गेले आणि गजानं उस्तादांच्या दारावर धाडधाड मारू लागले.

"कासीम! भाईर ये! आज निकाल लागल्याबगार म्या जात न्हाय!"

दार उघडलं. उस्ताद उभे होते. खाकी चड्डी, सदरा, पट्टा, पायांत मोजे. जे व्हायचं ते इस्त्रीच्या कपड्यांत व्हावं, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. अप्पांनी त्यांचं मनगट पकडलं आणि त्यांना गल्लीतून ओढत आणलं.

"अन्याव केलास! सगळ्या गावादेखत अन्याव केलास!"

अप्पांच्या मनात काय आहे, हे उस्तादांना कळलंच नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. ते मनापासून चिडले. "छोडो हात! पेनल्टी थी! सौ बार बोलूंगा, पेनल्टी थी!"

"हात चेंडूला लागला का?"

"हौ, लगा!"

"कण्ण इल्लेन निनगा?"

काठी घेतलेला एक दांडगा गडी आडवा आला. "अप्पा, सोडा त्याला. आमच्या हवाली करा."

अप्पा थांबले. त्यांनी त्या गड्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुझी काय तक्रार हाय?"

"तक्रार म्हंजी…"

"मॅचला व्हतास का तू?"

"न्हाय, मॅच न्हाय वो…"

"मग बाजूला व्हय! दोन साल झालं ह्यो मला दाद देईना. तालुकदाराकडं अर्ज केला, स्वामींफुडं गाऱ्हाणं घातलं. आन तू आज सकाळी काठी घेऊन आलास आन म्हणतूस माझ्या हवाली करा? आधी माझा निकाल. तुझा नंबर माझ्या मागं!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. अप्पांची पेनल्टी ठाऊक नसलेला माणूस त्या जमावात एकही नव्हता. जवळपास सगळ्यांनी कधी ना कधी त्या दुकानात गादीवर बसून त्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. एक जण म्हणाला, "पर अप्पा, खरं बघितलं तर हात लागलाच व्हता मारुतीचा."

"कुठं लागला व्हता? म्या हुतो की तिथंच!" दुसऱ्यानं त्याला खेकसून विचारलं.

"तू झाडावर बसला व्हतास. झाडावरनं काय दिसतंय?"

"झाडावरनंच दिसतंय!"

काठ्या खाली आल्या. दोघा-तिघांनी हात कोपरात वाकवून एकमेकांना दाखवायला सुरुवात केली. तो दांडगा गडी ह्याच्या तोंडाकडं, त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. तेवढ्यात अप्पा उस्तादांना ओढत, शिव्या देत, पेठेतून थेट दुकानात घेऊन आले. मी मागोमाग आत शिरलो. अप्पांनी फळ्या लावल्या, आतून अडसर घातला आणि मग कापडाच्या गठ्ठ्यांवर असे कोसळले की मला वाटलं, त्यांना काही झालंच. तोंडातून शब्द फुटेना, तिन्ही भाषांतला एकही.

तेव्हा कुठं उस्तादांच्या ध्यानात आलं. ते तसेच उभे राहिले, मनगट चोळत.

गंगाक्का आतून आल्या. दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "पाय धुवा दोघंबी. भाकरी झालीया."

त्यानंतरचे कितीतरी दिवस उस्ताद माझ्या माडीवर राहिले. खाली दुकान उघडं असायचं, गिऱ्हाईक यायचं, तोच प्रश्न व्हायचा, आणि वर उस्ताद भिंतीला टेकून ऐकत बसायचे. कुणी "हात चेंडूला लागला" म्हणालं की त्यांच्या मिशीखाली हसू फुटायचं. सकाळी माडीच्या एका कोपऱ्यात उस्ताद नमाज पढायचे आणि खाली अप्पांची लिंगपूजा चालायची. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. उस्ताद मांस खाणारा माणूस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते मला हळूच म्हणाले, "मास्टरसाब, इस घर में बैंगन के सिवा कुछ पैदा नहीं होता क्या?" पण ताट कधी अर्धं ठेवलं नाही.

दिवसभराचं काम आवरलं की अप्पा वर यायचे. बटणांचा डबा पुन्हा निघाला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दोघं कुजबुजत भांडायचे. तुम्ही दोन म्हाताऱ्या माणसांना एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन, दात-ओठ खाऊन कुजबुजताना पाहिलंय का? मी पाहिलंय. अप्पांना कुजबुजून शिवी देता यायची नाही. शिवी आली की ते उशीत तोंड खुपसून द्यायचे आणि तोंड वर काढून पुन्हा मुद्द्यावर यायचे.

एकदा अप्पा खाली गेल्यावर मी उस्तादांना म्हटलं, "उस्ताद, एवढं केलं त्या माणसानं. एकदा म्हणून टाका ना, पेनल्टी नव्हती. तुमचं काय जातं?"

उस्तादांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसा मी वर्गात पाटी विसरून आलेला पोरगा. "जान बचाए, वो एहसान अलग. मरते दम तक रहेगा. पेनल्टी अलग है, मास्टरसाब."

जिन्यावरून अप्पांचा आवाज आला. ते गेलेच नव्हते. "म्या सांगतो मास्तर, बराबर बोलला. आसल्या कारणानं बदलला असता तर त्येला रेफरी कोण म्हणलं असतं?" आणि मग आवाज खाली आणून, "पर अन्याव हायच!"

हळूहळू गाव शांत झालं. अंमलदार आले, काठ्या घरोघरी कोपऱ्यांत गेल्या. एके दिवशी हैदराबादेहून उस्तादांचे जावई त्यांना न्यायला आले. मुलीनं निक्षून सांगितलं होतं की आता अब्बाजान एकटे राहणार नाहीत. उस्तादांनी फार ताणलं नाही. घराला कुलूप घातलं आणि एक पेटी तेवढी बरोबर घेतली. जायच्या आदल्या दिवशी गंगाक्कांनी त्यांच्या चहात इतकी साखर घातली की चमचा उभा राहावा. उस्तादांनी तो थेंब न ठेवता संपवला.

येडशी स्टेशनवर सोडायला अप्पा आणि मी गेलो. त्या छोट्या गाडीला अजून वेळ होता. जावई पेटीवर बसले होते. उस्ताद आणि अप्पा कडुनिंबाखाली शेजारी शेजारी उभे, दोघंही रुळांकडं बघत. मला तर ऐन बाजारच्या दिवशी पेठ बंद असल्यासारखं वाटत होतं.

गाडी लांबून दिसली तेव्हा उस्तादांनी घसा साफ केला.

"अप्पा."

"काय?"

"तुम बोले तो…" उस्ताद अडखळले. शिट्टी मारताना न अडखळणारा माणूस. "तुम बोले तो मैं बोल देता. नहीं थी करके. पेनल्टी."

अप्पांनी गर्रकन मान वळवली. त्यांचा चेहरा लाल झाला. "खबरदार! माझ्यासाठी खोटं बोलताव व्हय? इतकी वर्षं काय एका लबाड माणसासंगं भांडलो का म्या?"

उस्ताद हसले. मग त्यांनी अप्पांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. गाडीत बसल्यावर ते खिडकीतून म्हणाले, "थी, अप्पा. पेनल्टी थी." अप्पा गाडीबरोबर चार पावलं चालले. काहीतरी ओरडले, पण इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. कुठल्या भाषेत होतं, तेही कळलं नाही.

उस्ताद परत आले नाहीत. मुलीकडं ते रमले, नातवंडांना ड्रिल शिकवतात, असं पुढं कळलं.

दुसऱ्या वर्षी मैदानातलं गवत काढलं आणि फुटबॉल पुन्हा सुरू झाला. नवी टीम, नवे सदरे, नवा रेफरी. रेफरी सोलापूरकडून आलेला तरणा माणूस होता, फार चटपटीत, शिट्टी तोंडातून काढतच नव्हता. अप्पा आले. गोलच्या मागं आपल्या नेहमीच्या जागी उभे राहिले. लोकांनी त्यांच्यासाठी वाट करून दिली. मॅचपेक्षा पुष्कळांचं लक्ष त्यांच्याकडंच होतं.

मध्यंतर झालं आणि थोड्याच वेळात त्या रेफरीनं आमच्यावर पेनल्टी दिली. ती साफ चूक होती. चेंडू आमच्या पोराच्या हाताला लागलाच नव्हता, छातीला लागला होता. ते मला कळलं, झाडावरच्या माणसाला कळलं, शेंगा विकणाऱ्या म्हातारीलाही कळलं. सगळं मैदान अप्पांकडं वळून बघू लागलं. दोन पोलीस आधीच जवळ येऊन उभे राहिले.

अप्पा काही बोलले नाहीत. पेनल्टी मारली गेली, गोल झाला, तरी ते जागचे हलले नाहीत.

मी त्यांच्याजवळ गेलो. "अप्पा, ओरडा की! ही तर सरळ सरळ चूक आहे."

"व्हय. चूक हाय."

"मग?"

अप्पांनी मैदानाच्या मधोमध पळणाऱ्या त्या तरण्या रेफरीकडं थोडा वेळ पाहिलं. परक्याच्या घरात चुकून शिरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"त्येची माझी वळख न्हाय मास्तर," ते म्हणाले. "वळख नसलेल्या माणसाला शिवी कशी द्यावी?"

मॅच अजून निम्मी राहिली होती. अप्पा माणसांमधून वाट काढत घराकडं निघाले.